‘उद्या माझ्या टेबलावर काय बदलेल?’ : सरकारी अधिकाऱ्यांसाठी ऑनलाइन वृत्तपत्रिका कशी चालवावी

सरकारी निर्णयाची बातमी वर्तमानपत्र नागरिकासाठी लिहितं : कोणाला किती मिळणार आणि कधीपासून. ज्याला तो निर्णय राबवायचा आहे त्याचे प्रश्न वेगळे असतात. पैसा कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या नोंदीतून येणार? मंजुरीचे अधिकार कोणाला? नमुना कुठला? आधीच्या अर्धवट प्रकरणांचं काय करायचं? अहवाल वर कधी पाठवायचा? भिवापूरचे तहसीलदार असोत की काटोलचे गटविकास अधिकारी, त्यांना ही उत्तरं आज बहुतेक वेळा व्हॉट्सॲप ग्रुपवर शोधावी लागतात. तिथे शासन निर्णयाचं पहिलं पान येतं, तिसरं येत नाही, आणि कोणीतरी वर ‘महत्त्वाचे, सर्वांनी वाचावे’ एवढंच लिहिलेलं असतं.

ही पोकळी भरणारी एक नेटकी वृत्तपत्रिका नागपुरातून चालवता येते. त्यासाठी मोठं कार्यालय लागत नाही. लागतो तो आस्थापना (कर्मचाऱ्यांच्या नियुक्त्या, बदल्या, निवृत्ती) आणि लेखा या दोन शाखा आतून माहीत असलेला एक माणूस, बातमी लिहिता येणारा दुसरा, आणि दोघांचीही रोज बसायची तयारी. प्रत्येक मजकूर एकाच प्रश्नावर घासून पाहायचा : उद्या सकाळी कार्यालय उघडल्यावर वाचकाच्या टेबलावर काय बदलेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर तो मजकूर घ्यायचा नाही, मग तो मंत्र्यांच्या भाषणाचा का असेना.

आधी वाचक पक्का करा

नागपुरात हा प्रश्न पहिल्याच दिवशी अडवतो. सिव्हिल लाइन्समध्येच एकीकडे विभागीय आयुक्तालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद. दुसरीकडे वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आणि भारतीय खाण ब्यूरो. काटोल रोडवर मॉइल ही मँगनीज खाण कंपनी, सेमिनरी हिल्सला केंद्राची कार्यालयं. शिवाय महामेट्रो, आणि मध्य रेल्वे व दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोघांचीही विभागीय कार्यालयं. हे सगळे ‘सरकारी अधिकारी’ म्हणवले जात असले तरी त्यांची नियमपुस्तकं वेगळी आहेत. राज्याच्या कार्यालय प्रमुखाला शासन निर्णय आणि कोषागार नियम बघावे लागतात. केंद्रीय कार्यालयाला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू आहेत. कोळसा कंपनीतल्या व्यवस्थापकाचं काम कंपनीच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या खरेदी नियमावलीवर, केंद्रीय दक्षता आयोगाच्या परिपत्रकांवर आणि सार्वजनिक उपक्रम विभागाच्या सूचनांवर चालतं. (हा विभाग २०२१ पासून केंद्रीय अर्थ मंत्रालयाखाली आहे.)

या तिघांना एकाच ताटात वाढायला गेलात तर कोणाचंच पोट भरत नाही. माझं स्पष्ट मत : सुरुवात राज्य शासनाच्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालय प्रमुखांपासून करा आणि क्षेत्र नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांपुरतं ठेवा, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. उपक्रमांतल्या व्यवस्थापकांसाठी वेगळा विभाग वर्षभराने काढता येईल, पण तो त्यांच्यातलाच कोणी निवृत्त माणूस लिहायला मिळाला तरच.

राज्याच्या अधिकाऱ्यांतही तहसीलदार महसूल विभागाचे, नगरपरिषदांचे मुख्याधिकारी नगरविकासचे, गटविकास अधिकारी ग्रामविकासचे. योजना तिघांच्या तीन तऱ्हेच्या. म्हणून योजनांच्या मागे लागू नका. तिघांनाही सारखेच छळणारे विषय पाच आहेत : आस्थापना, खरेदी, लेखापरीक्षण, माहिती अधिकार आणि न्यायालयीन प्रकरणं. पहिले सहा महिने एवढेच विषय नीट सांभाळले तर वाचक स्वतःहून चिकटतो.

बातमी कुठे असते

मुख्य खाण म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरचा शासन निर्णयांचा विभाग. तो रोज, सुट्टीनंतर तर नक्कीच, विभागवार उघडायचा. वित्त, सामान्य प्रशासन, ग्रामविकास, नगरविकास, महसूल व वन, उद्योग एवढे विभाग तरी चुकवायचे नाहीत. खरेदीचे नियम उद्योग विभागाकडून निघतात, हे नवख्या संपादकाच्या ध्यानात येत नाही. कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ ला याच विभागाने काढली आणि त्यानंतरच्या दुरुस्त्याही तिथूनच आल्या.

दुसरा स्रोत राजपत्र. नियमांतली दुरुस्ती अधिसूचनेने होते आणि ती राजपत्रात येते. शासन निर्णयांच्या यादीत ती सापडेलच असं नाही. तिसरा, न्यायालयं. उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपुरात आहे, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचंही आहे. बदल्या, पदोन्नती, विभागीय चौकशी यांवरचे आदेश आपल्याच शहरात होत असताना ते मुंबईच्या बातमीतून कळावेत हे बरं नाही. आदेशाची बातमी देताना तो अंतरिम आहे की अंतिम, आणि फक्त त्या अर्जदारापुरता आहे की सगळ्यांना लागू, हे पहिल्या दोन वाक्यांतच यायला हवं.

चौथा स्रोत हिवाळी अधिवेशन. त्याबद्दल पुढे.

शासन निर्णय वाचायचा कसा

इथे घाई करू नका. पत्रिकेची अब्रू याच कामावर ठरते.

सुरुवात शेवटून करा. शेवटच्या पानावर ‘सदर शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक आहे’ असं वाक्य असतं. हा अठरा अंकी संकेतांक संकेतस्थळावर टाकून तोच दस्तऐवज उघडतो का ते पाहा. पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे वाचता येतात. वर छापलेल्या दिनांकाशी ते ताडून पाहा. फार फरक दिसला तर आधी चौकशी करा. ग्रुपवर फिरणारा बनावट कागद इथेच पकडला जातो. संकेतांक नाही आणि संकेतस्थळावर प्रतही नाही, अशा कागदावर बातमी करायची नाही. कितीही मोठ्या अधिकाऱ्याने पाठवला असला तरी नाही.

मग वर या आणि क्रमांक पाहा. त्यात ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक असतो आणि शेवटचा तुकडा कार्यासनाचा, म्हणजे मंत्रालयातल्या संबंधित शाखेचा असतो. खुलासा विचारायचा तर फोन कुठे लावायचा, हे त्यावरून कळतं.

त्याखाली ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’. बहुतेक जण हा भाग ओलांडून जातात. खरं तर तो निर्णयाची वंशावळ आहे. त्यातला प्रत्येक जुना निर्णय उघडून शेजारी ठेवा आणि मूळ मजकुरात तीनपैकी कोणता शब्दप्रयोग आला आहे ते शोधा. ‘अधिक्रमित करून’ असेल तर जुना निर्णय संपला. ‘अंशतः बदल करून’ असेल तर जुना जिवंत आहे, फक्त काही परिच्छेद बदलले. ‘या व्यतिरिक्त’ किंवा ‘पूरक’ असेल तर दोन्ही एकत्र वाचायचे. ही ओळ चुकली की वाचक मेलेल्या नियमावर प्रस्ताव पाठवतो आणि तीन आठवड्यांनी त्रुटी लागून नस्ती (फाइल) परत येते.

प्रस्तावना वाचा, पण तिच्यातून बातमी काढू नका. ती कारणं सांगते, आदेश देत नाही. आदेश ‘शासन निर्णय’ या शीर्षकाखाली सुरू होतो. शेवटाकडे ‘हा शासन निर्णय वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक... अन्वये प्राप्त सहमतीने निर्गमित करण्यात येत आहे’ अशी ओळ शोधा. खर्चाचा निर्णय असून ही ओळ नसेल तर खाली कोषागारात अडचण येण्याची शक्यता असते, आणि ते वाचकाला सांगणं तुमचं काम आहे. सगळ्यात शेवटी ‘प्रत’. तिथे कोणाकोणाची नावं आहेत यावरून निर्णय कोणाला लागू आहे याचा अंदाज येतो. विदर्भ आणि मराठवाड्याचे लेखे नागपूरच्या महालेखापालांकडे असल्याने त्यांचं नावही बहुतेक वेळा दिसेल.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. २ फेब्रुवारी २०२४ ला वित्त विभागाने निवृत्तिवेतनाबाबत शासन निर्णय काढला. ‘जुनी पेन्शन लागू’ अशा तीन शब्दांत तो फोनाफोनी पसरला. त्या तीन शब्दांवर विश्वास ठेवून प्रत्येक कार्यालयातला आस्थापना लिपिक अर्जांच्या ढिगाखाली गेला असता. मजकूर असा आहे : १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर जे राज्य शासनाच्या सेवेत रुजू झाले, पण ज्यांच्या पदभरतीची जाहिरात किंवा अधिसूचना १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, त्यांना जुन्या योजनेचा एकवेळ पर्याय. मुदत सहा महिने.

आता हेच आपल्या वाचकासाठी कसं मांडायचं? शीर्षक : ‘नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या जाहिरातीवर रुजू झालेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाचा पर्याय; सहा महिन्यांत द्यायचा’. पहिला परिच्छेद : कोणाला लागू, कोणाला नाही. दुसरा : कार्यालय प्रमुखाने या आठवड्यात काय करायचं. म्हणजे रुजू दिनांकावरून यादी काढायची, प्रत्येकाच्या सेवापुस्तकातून नियुक्ती आदेश आणि त्यात नोंदलेल्या जाहिरातीचा दिनांक शोधायचा, जाहिरातीची प्रत नसेल तर नियुक्ती प्राधिकाऱ्याला पत्र टाकायचं, आणि सगळ्यांना लेखी कळवून पोच घ्यायची. पोच महत्त्वाची, कारण मुदत उलटल्यावर ‘मला कळवलंच नाही’ ही तक्रार कार्यालय प्रमुखावरच येते. तिसरा परिच्छेद : मजकुरात काय स्पष्ट नाही. जिल्हा परिषदेचे कर्मचारी, अनुदानित शाळा यांचा वेगळा उल्लेख आहे का? नसेल तर ‘त्यांच्या विभागाच्या स्वतंत्र आदेशाची वाट पाहावी’ असं सरळ लिहायचं. अंदाज बांधायचा नाही.

जाहिरातीचा दिनांक आणि रुजू दिनांक यांतला फरक हाच त्या निर्णयाचा गाभा होता. तीन शब्दांच्या निरोपात नेमका तोच गळला.

लिहिताना

शासन निर्णयाची भाषा जशीच्या तशी उतरवू नका आणि फार सोपीही करू नका. ‘आहरण व संवितरण अधिकारी’ (देयकं काढून पैसे वाटणारा अधिकारी) हा शब्द तुमच्या वाचकाच्या रोजच्या वापरातला आहे, तो बदलू नका. पण ‘उपरोक्त नमूद केल्याप्रमाणे यथोचित कार्यवाही करण्याबाबत’ सारखं वाक्य आलं की थांबा आणि कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते लिहा. बातमी मोबाइलच्या दोन पडद्यांत संपावी. त्याखाली ‘काय करायचं’ अशी छोटी चौकट आणि मूळ निर्णयाचा दुवा व संकेतांक. एवढं पुरे.

दुसऱ्या माणसाने, शक्यतो लेखा शाखेतल्या, मूळ कागद हातात घेऊन प्रत्येक तारीख, रक्कम आणि कलम ताडून पाहिल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करायचं नाही. आधी कोणी दिलं याला या वाचकाकडे किंमत नाही. तो दुपारी प्रस्तावावर सही करणार असतो, आणि सकाळी वाचलेलं बरोबर होतं का, एवढंच त्याला पाहिजे असतं.

अधिकाऱ्यांना बोलतं कसं करायचं

निर्णय सांगून अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं म्हणजे तो कोणी कसा राबवला. इथे सगळ्यात मोठा धोका ‘यशोगाथे’चा : शाल, श्रीफळ, फीत कापतानाचा फोटो आणि ‘अभिनव उपक्रम’. हे छापायला लागलात की चार महिन्यांत पत्रिका सत्काराची वही होते आणि कामाचा वाचक निघून जातो.

समजा रामटेकच्या पंचायत समितीने घरकुलांचे रखडलेले हप्ते मार्गी लावले. विचारायचं ते असं : हप्ता नेमका कोणत्या टप्प्यावर अडत होता, अभियंत्याच्या तपासणीत की बँक खात्याच्या जुळणीत? त्या कामावर माणसं किती होती? कोणतं पत्र कोणाला गेल्यावर गाठ सुटली? लेखापरीक्षणात आक्षेप आला का, आणि उत्तर काय दिलं? ते पत्र नावं, खाते क्रमांक झाकून छापता येईल का? अशा एका पत्राचा मसुदा दहा मुलाखतींपेक्षा जास्त वेळा वाचला जातो, कारण कुहीचा अधिकारी तोच मसुदा आपल्या कार्यालयाचं नाव घालून वापरू शकतो.

बोलणाऱ्याची काळजी घेणं ही तुमची जबाबदारी. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे वर्तणूक नियम, आणि उपक्रमांचे स्वतःचे आचार, शिस्त व अपील नियम असतात. प्रसारमाध्यमांत लिहिणं आणि शासनाच्या धोरणावर टीका करणं यांवर त्यांत बंधनं आहेत. म्हणून प्रश्न कार्यपद्धतीपुरते ठेवा, धोरण चांगलं की वाईट हे त्यांच्या तोंडून वदवू नका. परवानगी लागेल असं वाटलं तर ती त्यांना आधी घ्यायला सांगा. छापण्यापूर्वी त्यांची विधानं त्यांना वाचून दाखवा. पत्रकारितेत एरवी हे टाळतात, पण इथे एका वाक्यावरून कारणे दाखवा नोटीस निघू शकते. धोरणावर टीका करायची असेल तर ती निवृत्त अधिकाऱ्यांकडून, त्यांच्या नावाने घ्या.

वर्षाचं गणित

सरकारी वर्षाला स्वतःची लय आहे, पत्रिका तिच्याबरोबर चालवा. जानेवारी ते मार्च : निधी खर्च, समर्पित करायच्या (न खर्चलेल्या, परत द्यायच्या) रकमा, कोषागारातली गर्दी. या काळात लांब लेख कोणी वाचत नाही. मुदती आणि आदेश, एवढंच द्या. एप्रिल-मे बदल्यांचे. बदल्यांचा अधिनियम २००५ चा आहे. त्यात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षं, बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात, आणि मध्येच बदली करायची तर कारणं लेखी नोंदवणं या तरतुदी आहेत. त्याच अधिनियमात नस्ती साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये असंही आहे. बदलीच्या चर्चेत ते कोणालाच आठवत नाही, पण जनतेच्या कामाच्या दृष्टीने ते जास्त मोलाचं आहे. मे महिन्यात नव्या जागी रुजू होणाऱ्यांसाठी ‘पदभार घेताना काय तपासावं’ हा अंक काढाच : रोकडवही, प्रलंबित लेखापरीक्षण परिच्छेद, न्यायालयीन प्रकरणांची नोंदवही, माहिती अधिकाराची प्रलंबित अपिलं, जडसंग्रह (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंची) नोंदवही.

डिसेंबर नागपूरचा. १९५३ च्या नागपूर करारातून आलेली अधिवेशनाची परंपरा या शहरातल्या संपादकाला मोठी संधी देते : ज्या कक्ष अधिकाऱ्याला एरवी मुंबईला फोन लावावा लागतो तो इथेच आलेला असतो. पण तो अधिवेशनात बुडालेलाही असतो. भेटीची वेळ नोव्हेंबरमध्येच मागा, प्रश्न आधी लेखी पाठवा, आणि पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका. तारांकित प्रश्नांची आणि लक्षवेधींची उत्तरं वाचा, कारण विभागाची अधिकृत भूमिका तिथे सभागृहात नोंदली जाते. पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत आपल्या वाचकांच्या योजनांना पैसा आला का तेही पाहा. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यासाठी याच महिन्यात एक लेख हवा : विधानसभा प्रश्नाची माहिती दुपारी मागितली आणि संध्याकाळी हवी असेल तर कोणते आकडे कोणत्या नोंदवहीतून, कोणाच्या सहीने द्यायचे. हा लेख ऑक्टोबरमध्येच तयार ठेवा.

जुना मजकूर सांभाळा

नवं छापण्याइतकाच वेळ जुन्यावर द्या. वाचक गूगलवरून येतो आणि तीन वर्षांपूर्वीची तुमची बातमी आजचा नियम समजून वाचतो. म्हणून प्रत्येक बातमीच्या डोक्यावर स्थिती लिहा : ‘लागू’, ‘अंशतः बदलला’, ‘अधिक्रमित’, ‘न्यायालयाची स्थगिती’. स्थिती बदलली की नव्या निर्णयाचा दुवा तिथेच. यासाठी साधा तक्ता पुरतो : संकेतांक, विषय, कशाच्या जागी आला, कशाने बदलला, शेवटचं कधी तपासलं. नव्या निर्णयातल्या ‘वाचा’ची यादी या तक्त्यात भरायची सवय लागली की काम आपोआप होत जातं. शुद्धीपत्रकं विसरू नका. एका ओळीचं शुद्धीपत्रक अख्खी तारीख बदलतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सगळा मजकूर युनिकोड मराठीत ठेवा, म्हणजे शोध लागतो. शासन निर्णयाच्या पीडीएफमधून मजकूर उचलला की जोडाक्षरं आणि वेलांट्या बऱ्याचदा मोडतात. महत्त्वाचे परिच्छेद हाताने टंकित करा आणि ताडून पाहा. गडचिरोलीतल्या भामरागडलाही पान उघडलं पाहिजे, म्हणून जड चित्रं आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ नकोत. आठवड्यातून एकदा ईमेल आणि व्हॉट्सॲप चॅनेलवर पाच ओळींचा गोषवारा द्या.

कायदा आणि पैसा

छापील नियतकालिकांसाठी १८६७ चा जुना कायदा जाऊन प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. छापील अंकही काढणार असाल तर त्याखाली नोंदणी करा. ऑनलाइन बातम्यांसाठी माहिती तंत्रज्ञानाचे २०२१ चे नियम आहेत. त्यांनुसार वृत्त प्रकाशकाने आपली माहिती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला कळवायची असते, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि तक्रारीवर पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. यातल्या नियम ९ च्या उपनियम १ आणि ३ ला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली होती, त्यामुळे सुरुवात करण्यापूर्वी वकिलाकडून आजची स्थिती समजून घ्या. स्थिती काहीही असो, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल पहिल्या दिवसापासून पानावर ठेवा.

पैशाबाबत माझा आग्रह कडक आहे. ज्यांच्या निविदा तुमच्या वाचकांच्या टेबलावर येतात त्या कंत्राटदारांच्या आणि पुरवठादारांच्या जाहिराती घेऊ नका. यंत्र विकणाऱ्याची जाहिरात आणि खरेदी नियमांवरचा लेख एकाच पानावर आला की वाचक दोन्हींकडे संशयाने पाहतो, आणि त्याचं बरोबर असतं. बातम्या सगळ्यांना मोफत ठेवा. पत्रांचे मसुदे, तपासणी याद्या आणि बदलांचा तक्ता वर्गणीदारांना द्या. वर्गणी एका अधिकाऱ्याला सहज परवडेल अशी, शक्यतो स्वतःच्या खिशातून भरता येईल इतकी ठेवा. कार्यालयाच्या नावाने वर्गणी घेतली तर रीतसर पावती द्या आणि त्या कार्यालयाला मजकुरावर कसलाही हक्क नाही हे पावतीच्या मागे छापा.

पहिला अंक सगळ्यांसाठी खुला करण्यापूर्वी वेगवेगळ्या तालुक्यांतल्या, वेगवेगळ्या विभागांतल्या दहा-बारा अधिकाऱ्यांना पाठवा आणि त्यांच्याकडून अभिप्राय मागू नका. त्यांच्या आस्थापना किंवा लेखा लिपिकाला अंक वाचायला सांगा आणि तो कुठे अडला ते विचारा. प्रस्ताव तोच तयार करतो. त्याने दाखवलेल्या जागा दुरुस्त करा आणि मग अंक सगळ्यांसाठी खुला करा.